प्रस्तावना : पडद्यावरचा धातू

नवखा डिझायनर फोटोशॉपमध्ये धातूचं बटण करायला बसला की बहुतेक वेळा एकाच वाटेने जातो. गोल किंवा चौकोनी आकार काढायचा, त्यात करडा रंग भरायचा, लेयर स्टाइलची खिडकी उघडून ‘बेव्हल अँड एम्बॉस’वर टिक करायची आणि शेवटी ड्रॉप शॅडो द्यायची. बटण फुगतं, कडा उजळतात, सावली पडते. तरी समोर दिसतं ते करड्या रंगाचं प्लास्टिकच. मग तो चमक वाढवतो, पांढरा आणखी पांढरा करतो, काळा आणखी काळा. प्लास्टिक जास्त चकचकीत होतं, पण त्याचा धातू होत नाही. असं का होतं, हे मराठीत एका जागी, सविस्तर आणि सप्रयोग सांगावं यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

कारण सोपं आहे, पण ते कुठल्याच मेन्यूत सापडत नाही. प्लास्टिकवर पडलेला उजेड बराचसा आत शिरतो, तिथे विखुरतो आणि वस्तूचा रंग घेऊन बाहेर येतो. पृष्ठभागावरून थेट परततो तो अगदी थोडा, समोरून पाहिलं तर साधारण 4 टक्के, आणि त्याला वस्तूचा रंग लागलेला नसतो. लाल बादलीवरचा चमकता ठिपका पांढराच असतो तो यामुळे. धातूत मात्र आत शिरलेला उजेड तिथेच संपतो. जो काही परततो तो पृष्ठभागावरूनच : चांदीवरून 95 टक्क्यांच्या वर, ॲल्युमिनियमवरून 90 च्या आसपास, लोखंडावरून निम्म्याहून थोडा अधिक. सोनं आणि तांबं निळा उजेड गिळतात, म्हणून त्यांच्यातलं प्रतिबिंबच रंगीत असतं. तेव्हा धातू काढायचा तर नुसता त्याचा रंग भरून भागत नाही. त्याच्यासमोर काय आहे ते काढावं लागतं : खिडकी, छत, टेबलाची कड, दोन दिव्यांमधला अंधार. या पुस्तकात पुढे जे काही आहे ते या एका गोष्टीतून निघालेलं आहे.

संगणकावर चित्र तयार करणाऱ्यांना हे उमगायलाही काही वर्षं गेली. 1975 साली बुई तुओंग फोंग यांचं चमक मोजण्याचं सूत्र प्रसिद्ध झालं. त्यात वस्तूचा रंग वेगळा आणि वरचा चमकेचा ठिपका वेगळा. हिशेब इतका सुटसुटीत की सगळ्यांनी तो उचलला, आणि पडद्यावरच्या साऱ्या वस्तू प्लास्टिकच्या दिसू लागल्या. पुढच्याच वर्षी जिम ब्लिन आणि मार्टिन न्यूएल यांनी भोवतालचं चित्र वस्तूच्या अंगावर उमटवण्याची युक्ती मांडली. 1982 साली रॉबर्ट कुक आणि केनेथ टॉरन्स यांच्या निबंधात एकाच घाटाच्या दोन फुलदाण्या आल्या : एक तांब्याच्या रंगाच्या प्लास्टिकची, दुसरी तांब्याची. पाहणाऱ्याला क्षणात फरक कळतो, आणि त्यातला मोठा वाटा चमकेच्या रंगाचा आहे. प्लास्टिकवर ती पांढरी, तांब्यावर तांबूस. आता बेव्हलच्या खिडकीकडे परत पाहा. तिथे हायलाइटचा रंग आधीच पांढरा ठेवलेला असतो आणि मोड ‘स्क्रीन’, सावलीचा रंग काळा आणि मोड ‘मल्टिप्लाय’. काहीही न बदलता ‘ओके’ दाबलं तर सॉफ्टवेअर आपल्या हाती त्या निबंधातली पहिली फुलदाणी देतं. सोनेरी अक्षरं पिवळ्या साबणासारखी का दिसतात, याचं उत्तर या दोन रंगांच्या चौकोनांत आहे. हायलाइट फिकट पिवळा आणि सावली लालसर तपकिरी केली की निम्मं काम तिथेच होतं.

इंटरफेसमधल्या धातूची दुसरी परंपरा याहून साधी आहे आणि ती प्रयोगशाळेपेक्षा पिक्सेलच्या टंचाईतून आली. 1984 च्या मॅकिन्टॉशचा पडदा फक्त काळा-पांढरा होता. सुझन केअर यांची 32 बाय 32 पिक्सेलची चित्रं त्यात अजरामर झाली, पण तिथे धातूला जागाच नव्हती, कारण करडा रंगच नव्हता. 1988 च्या नेक्स्ट संगणकावर चार छटा मिळाल्या : काळी, गडद करडी, फिकट करडी, पांढरी. एवढ्यावर त्या मंडळींनी सगळा पडदा जणू घडवून काढला. बटणाची वरची आणि डावी कड पांढरी, खालची आणि उजवी गडद, मधला भाग फिकट करडा. पाठोपाठ युनिक्सवरच्या मोटिफने आणि 1990 च्या विंडोज 3.0 ने तीच रीत घेतली.

दोन रेघांनी फुगवटा का दिसावा? योगायोग असा की त्याच 1988 साली व्ही. एस. रामचंद्रन यांचा छायेवरून आकार कसा कळतो याविषयीचा निबंध ‘नेचर’मध्ये आला. उजेड वरून येतो आणि तो एकच आहे, हे आपला मेंदू गृहीतच धरतो. वरून उजळ आणि खालून गडद अशी चकती फुगीर दिसते, तीच उलटी केली की खड्डा होते. पॅनेलवर खाच काढायची तर एक पिक्सेलची गडद रेघ आणि तिच्या लगेच खाली एक पिक्सेलची उजळ रेघ, एवढं पुरतं. वरची धार उजेडापासून वळलेली म्हणून अंधारात, खालची उजेडाकडे वळलेली म्हणून चमकते. रेघांची अदलाबदल केली तर खाचेचा उंचवटा होतो. पडद्यावरच्या धातूचं व्याकरण म्हणायचं तर ते या दोन रेघांत सामावलेलं आहे. ही खाच हाताने, पेन्सिल टूलने, 800 टक्के झूमवर ज्याने मनापासून काढली, त्याला पुढचं फारसं जड जात नाही. म्हणून ग्रेडियंट शिकवण्याच्या आधी मी ही खाच शिकवतो.

फोटोशॉप 1990 साली आलं, पण त्यात लेयर मिळायला 1994 उजाडलं. मधल्या काळात लोकांनी धातू केला तो चॅनेलच्या गणिताने. एक आकार चॅनेलमध्ये ठेवायचा, त्याची प्रत अंधुक करून थोडी सरकवायची, एकीतून दुसरी वजा करायची. उरते ती कड, आणि त्या कडेवर उजेड द्यायचा. काय क्राउझे यांनी या क्लृप्त्या अमेरिका ऑनलाइनवर मुक्तहस्ते वाटल्या, आणि 1992 पासून त्यांच्या ‘पॉवर टूल्स’नी पोत आणि ग्रेडियंट यांचं वेडच लावलं. आज ते काम कुणी करत नाही. तरीही ती पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण बेव्हल नावाचं बटण आतून जवळपास हेच करतं. आत काय चाललंय हे ठाऊक असलेला माणूस बटणाच्या भरवशावर राहत नाही.

याच काळात घासलेल्या स्टीलची ती प्रसिद्ध कृती रूढ झाली. करडा लेयर, त्यावर ‘ॲड नॉइज’, एकरंगी, मग आडवा ‘मोशन ब्लर’. ठिपक्यांच्या रेघा होतात आणि पत्रा तयार. जगातल्या बहुतेक शिकवण्या इथे थांबतात. फार झालं तर वरून खाली जाणारा एक ग्रेडियंट टाकतात. पण हा ग्रेडियंट बहुधा चुकीच्या दिशेचा असतो, आणि पत्रा निर्जीव दिसतो तो त्याच्यामुळे.

घासलेल्या धातूवर बारीक समांतर चरे असतात. प्रत्येक चरा म्हणजे एक अतिशय अरुंद नळी, आणि नळी उजेड पसरवते तो स्वतःच्या लांबीला काटकोनात. चरे आडवे असतील तर चमकेचा पट्टा उभा उठतो, चरे उभे असतील तर आडवा. ऑफिसच्या लिफ्टच्या स्टीलच्या दारासमोर उभं राहून डोकं जरा हलवा, पट्टा तुमच्याबरोबर सरकेल आणि चऱ्यांना आडवाच राहील. म्हणून आडव्या घासणीच्या सपाट पॅनेलवर ग्रेडियंट डावीकडून उजवीकडे जायला हवा : मध्ये कुठेतरी उजळ पट्टा, दोन्ही बाजूंना विझत जाणारा. संगणकशास्त्रात या दिशाभेदाचा अभ्यास 1985 मध्ये जेम्स काजिया यांनी आणि 1992 मध्ये ग्रेग वॉर्ड यांनी केला. आपल्याला त्यातलं गणित लागत नाही, दिशा तेवढी लागते.

चरे गोल असले की गंमत वाढते. स्टीलच्या डब्याचं झाकण उजेडाखाली धरा. ते यंत्रावर फिरवून घासलेलं असेल तर त्यावर मध्यबिंदूतून निघणारे, समोरासमोरचे दोन पंखे दिसतील. झाकण जागच्या जागी गोल फिरवा, पंखे हलणार नाहीत. नॉबचा माथा काढण्याचं सगळं शास्त्र या प्रयोगात आहे. फोटोशॉपमध्ये त्यासाठी कोनीय ग्रेडियंट असतो, ‘अँगल’ नावाचा. त्यात उजळ-गडद-उजळ-गडद असे थांबे द्यायचे आणि शेवटचा रंग पहिल्याशी तंतोतंत जुळवायचा, नाहीतर एका जागी शिवण दिसते. उजेड एकच आणि वरून असेल तर पंखे वर आणि खाली. दोन दिवे धरले तर आणखी दोन, थोडे फिके. त्यावर गोल फिरवलेल्या नॉइजचा पातळ थर, म्हणजे ‘रेडियल ब्लर’मधला ‘स्पिन’. बस. कडेला एक पिक्सेलची उजळ चकली आणि तिच्या आत एक गडद, की माथा वेगळा आणि गळा वेगळा कळतो.

आणि इथेच इंटरफेसचा धातू चित्रातल्या धातूपासून वेगळा होतो. नॉब फिरतो. संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉबच्या एकेका अवस्थेचं चित्र काढून ती उभ्या पट्टीत रचतात. मिडीमध्ये 0 ते 127 अशा 128 किमती असतात, म्हणून पट्टीतही अनेकदा 128 चित्रं. घाईत असलेला डिझायनर एकच चित्र काढतो आणि तेच 128 कोनांत फिरवतो. मग खुणेबरोबर चमकही फिरते, सावलीही फिरते, आणि वापरणाऱ्याला काहीतरी खोटं वाटत राहतं, काय ते सांगता येत नाही. फिरायला हवी ती फक्त खूण. पंखे, कडेची चमक आणि खालची सावली जागेवर राहायला हव्यात, कारण दिवा हललेला नाही. जपानमधून आलेल्या ‘नॉबमॅन’ या छोट्या प्रोग्रामने हे भान अनेकांना दिलं. त्यात प्रत्येक थर फिरवायचा की स्थिर ठेवायचा हे वेगळं ठरवता येतं.

आता जरा मागे जाऊन धातूच्या सुगीच्या दिवसांकडे पाहू. 1997 साली विनॲम्प हा गाणी वाजवणारा प्रोग्राम आला आणि पुढच्या वर्षी त्याचे स्किन बदलता येऊ लागले. खिडकी अवघी 275 बाय 116 पिक्सेलची, एकेक बटण 23 बाय 18 च्या आसपास, आणि सगळी सामग्री साध्या बीएमपी फाइलींत. हजारो हौशी लोकांनी त्या एवढ्याशा जागेत स्टेरिओ डेकचे ॲल्युमिनियमचे पत्रे, स्क्रू, जाळ्या आणि मीटर कोरले. माझ्या मते इंटरफेसमधल्या धातुकामाची खरी शाळा ती होती. जागा इतकी कमी की एक पिक्सेल चुकला तर बटण दाबल्यासारखं दिसत नसे. त्याच सुमारास फोटोशॉपच्या 5.0 मध्ये लेयर इफेक्ट आले आणि 2000 सालच्या 6.0 मध्ये त्यांचं लेयर स्टाइलमध्ये रूपांतर झालं. ग्लॉस कॉन्टूर नावाची वक्ररेषा मिळाली. ती वर-खाली नाचवली की उजळ आणि गडद यांचे पट्टे एकमेकांलगत येतात आणि करडा रंग एकदम क्रोम होतो. क्रोमचं रहस्य तेच आहे. त्यात मधल्या छटा कमी असतात, आणि क्षितिजाची गडद रेघ आकाशाच्या सर्वांत उजळ भागाला अगदी खेटून असते. ग्रेडियंटमध्ये एक थांबा 49 टक्क्यांवर आणि दुसरा 50 वर ठेवायचा तो यासाठी.

ॲपलची कहाणी सविस्तर सांगायला हवी, कारण पुढचा सगळा वाद तिच्याभोवती झाला. 1999 सालच्या क्विकटाइम 4 च्या प्लेयरला घासलेल्या धातूची चौकट आणि बोटाने फिरवायचं आवाजाचं चाक होतं. पडद्यावर माऊसने चाक फिरवणं अवघड आहे, अशी टीका लगेच झाली, आणि ती रास्त होती. तरी 2001 मध्ये आयट्यून्स त्याच धातूत आला, 2003 मध्ये सफारी, आणि त्याच वर्षी फाइंडरसुद्धा. ॲपलच्याच मार्गदर्शक सूचनांत म्हटलं होतं की हा धातू कॅमेऱ्यासारख्या जोडलेल्या उपकरणाशी व्यवहार करणाऱ्या किंवा कॅल्क्युलेटरसारख्या ओळखीच्या वस्तूची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामसाठी वापरावा. वेब ब्राउझर या दोन्हींत बसत नाही. नियम घरातच मोडला गेला आणि धातूचा अर्थ पातळ झाला. 2007 च्या लेपर्ड या मॅकच्या आवृत्तीत घासणी गेली आणि साधा करडा ग्रेडियंट उरला.

पण त्याच वर्षी आयफोन आला आणि धातूला दुसरा जन्म मिळाला. 57 पिक्सेलच्या आयकॉनपासून सुरुवात झाली. 2010 च्या आयफोन 4 ने दर इंचात 326 पिक्सेल आणले, आणि डिझायनरांच्या हाती एकदम चौपट पिक्सेल आले. स्विच, मायक्रोफोन, कुलपं, तिजोरीची दारं, व्हीयू मीटर अशा कितीतरी गोष्टी कमालीच्या निगुतीने केल्या गेल्या. या परंपरेचं टोक म्हणजे 2012 च्या आयओएस 6 मधला संगीताच्या ॲपातला आवाजाचा स्लायडर. त्याच्या धातूच्या गोल मुठीवरची चमक फोन कलवला की सरकत असे. फोन कलला म्हणजे डोळा आणि दिवा यांच्याशी असलेला पृष्ठभागाचा कोन बदलला, मग पंखे सरकायलाच हवेत. डब्याचं झाकण कलवल्यावर जे घडतं ते इथे तळहातावर घडत होतं. मला हा तपशील आजही इंटरफेसच्या इतिहासातल्या सर्वांत सुंदर कामांपैकी एक वाटतो.

वर्षभरात सगळं बदललं. मायक्रोसॉफ्टने 2010 च्या विंडोज फोनपासूनच सपाट रंग आणि अक्षरं यांवर भर दिला होता. 2013 च्या आयओएस 7 ने चामडं, लाकूड, धातू एका झटक्यात काढून टाकलं, आणि 2014 मध्ये गूगलचं मटेरियल डिझाइन आलं. या बदलाला ठोस कारणं होती. पडद्यांचे आकार वाढले होते. एकाच बटणाच्या तीन-तीन मापांच्या प्रतिमा सांभाळणं जिकिरीचं झालं होतं. पोत ताणला की फाटतो, सपाट रंग ताणला तरी तसाच राहतो. शिवाय धातूच्या पत्र्यावर अक्षरं ठेवली की वाचनाचा प्रश्न येतोच. सुगम्यतेच्या निकषांनुसार मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान 4.5 ला 1 एवढा भेद लागतो, आणि चमकेच्या पट्ट्यावरून जाणारं एखादं अक्षर हमखास त्याच्या खाली येतं. सपाट शैलीच्या बाजूने एवढं तरी मान्य केलंच पाहिजे. तोटा मात्र एका पिढीच्या डोळ्यांचा झाला. गेल्या दहा-बारा वर्षांत या धंद्यात आलेल्या कितीतरी हुशार मुला-मुलींना उजेडाची दिशा ठरवून काम करण्याची वेळच आली नाही. त्यांच्या फाइलींत एका कार्डाची सावली खाली पडते, दुसऱ्याची चहूबाजूंनी, तिसऱ्याची उजवीकडे, आणि तिन्ही एकाच पडद्यावर असतात.

धातू गेला असं म्हटलं गेलं तरी तो सगळीकडून गेला नव्हता. संगीताच्या सॉफ्टवेअरने तो कधीच सोडला नाही. स्वीडनच्या प्रॉपेलरहेडने 2000 साली आणलेल्या ‘रीझन’मध्ये टॅब दाबला की सगळा रॅक वळून मागच्या वायरी दिसतात, आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना ते मनापासून आवडतं, कारण स्टुडिओतल्या खऱ्या यंत्रांवर त्यांचा हात बसलेला असतो. जुन्या कंप्रेसरची नक्कल विकत घेणाऱ्याला त्या पत्र्याचा उडालेला रंगसुद्धा हवा असतो. खेळांमध्ये ढाली, नाणी, चौकटी आहेत. मोटारींच्या डॅशबोर्डवर काट्यांची घड्याळं पडद्यावर उतरली आहेत आणि मनगटी घड्याळांच्या डिजिटल तबकड्यांना पोलादी कडा आहेत. 2020 च्या मॅकओएस बिग सरने आयकॉनांना पुन्हा जाडी दिली, आणि 2025 मध्ये ॲपलने पडद्यावर चक्क काच ओतली. काच आणि धातू हे प्रतिबिंबाचेच दोन धडे आहेत. ज्याला एक येतो त्याला दुसरा लवकर येतो.

आजच्या काळात आणखी एक प्रश्न विचारला जाईल : वाक्य लिहून चित्र मिळत असताना हे कष्ट कशाला? यंत्राने केलेला पितळेचा नॉब एकटा पाहिला तर छान दिसतो. पण इंटरफेसला एक चित्र लागत नाही. नॉब, स्विच, स्लायडर, खाच, दिवा या सगळ्यांवर उजेड एकाच दिशेने यायला हवा. बटणाच्या साध्या, दाबलेल्या आणि बंद अशा तीन अवस्थांत एकही कड हलता कामा नये. आणि उद्या ग्राहक म्हणाला की पितळ नको, गनमेटल करा, तर थर वेगळे असायला हवेत. त्या चित्रात काय चुकलंय हे ओळखायलाही धातू कसा दिसतो हे आधी ठाऊक असावं लागतं.

काम करणाऱ्यांचे आज ढोबळ चार पंथ आहेत, आणि प्रत्येकाला आपलाच खरा वाटतो. काही जण अजून पिक्सेल न पिक्सेल हाताने रंगवतात. लहान मापात त्यांना तोड नाही, कारण 16 पिक्सेलचा आयकॉन मोठ्याला आक्रसून होत नाही, तो नव्याने काढावा लागतो. बहुतेक जण व्हेक्टर आकारांवर लेयर स्टाइल चढवतात. बदल सोपे जातात, पण नॉइजच्या पोताला माप असतं, तो दुप्पट केला की एकतर अंधुक होतो नाहीतर भरड. तिसरे ब्लेंडरसारख्या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये नॉब घडवून चित्रांची पट्टी काढतात. तिथे प्रकाशाचा हिशेब यंत्र करतं, पण 40 पिक्सेलच्या नॉबवर तो हिशेब अनेकदा करड्या गिचमिडीत संपतो आणि कडा पुन्हा हाताने उजळाव्या लागतात. चौथे सगळं कोडमध्येच लिहितात. सीएसएसमध्ये आता कोनीय ग्रेडियंट आहे आणि एसव्हीजीमध्ये चमकेचा फिल्टर. माझा कल दुसऱ्या पंथाकडे आहे, त्याला पहिल्याची शिस्त जोडून.

मराठी डिझायनरासमोर एक जास्तीचा प्रश्न आहे, आणि त्याच्यासाठी मी पुस्तकात भरपूर जागा ठेवली आहे : धातूवर कोरलेली देवनागरी. फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी नीट जुळत नसे त्या काळात श्रीलिपीसारख्या फॉन्टांवर आपल्याकडचं सगळं काम झालं. तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचलेल्या फ्लेक्सवर सोनेरी, फुगवलेली, कडा चमकवलेली नावं झळकली. ते काम रात्रीत करून देणाऱ्या डीटीपी ऑपरेटरांच्या हाताच्या वेगाबद्दल मला आदर आहे. पण फलकावरचं फूटभर अक्षर आणि पडद्यावरचं 14 पिक्सेलचं अक्षर यांना एकच बेव्हल चालत नाही. रोमन अक्षर कोरताना खालच्या कडेला एक पिक्सेलची उजळ रेघ दिली की काम होतं. देवनागरीत ती रेघ शिरोरेषेच्या खालीही लांबलचक उमटते आणि अक्षराच्या पोटातली आधीच थोडी असलेली जागा भरून टाकते. ‘ष’, ‘क्ष’, ‘द्ध’ यांचा गोळा होतो, मात्रा आणि रफार वेगळे ओळखू येत नाहीत. शिरोरेषेखालची चमक अर्ध्यावर आणून, ती फक्त अक्षराच्या तळाला पूर्ण ठेवण्याची एक पद्धत मी इथे दिली आहे. ती वेळखाऊ आहे, पण वाचता येणारं अक्षर तिनेच मिळतं.

पुस्तकाचा क्रम मेन्यूंप्रमाणे लावलेला नाही. आधी पाहणं, मग कडा, मग सपाट पत्रा, मग गोलाई, मग रंगीत धातू आणि शेवटी झीज, गंज, मठारकाम अशा गोष्टी. मठारकाम समजून घ्यायचं तर पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत जावं. तांब्याच्या हंड्यावर पडलेला हातोडीचा प्रत्येक ठोका हा एक छोटा उथळ आरसा असतो. त्या प्रत्येकात खिडकी वेगळ्या जागी दिसते आणि दोन ठोक्यांमधली कड सर्वांत उजळ असते. तो पोत एकाच ठशाच्या पुनरावृत्तीने कधीच साधत नाही. किमान तीन-चार वेगवेगळे ठसे करून ते आडवेतिडवे विखरावे लागतात, आणि हंडा जिथे वळतो तिथे ते अरुंद करावे लागतात.

उदाहरणं फोटोशॉपमध्ये केली आहेत, कारण लेयर स्टाइलची सर्वांत पूर्ण सोय अजून तिथे आहे. पण कृती अशा लिहिल्या आहेत की गिंप, क्रिटा, ॲफिनिटी किंवा ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी वापरणाऱ्यालाही त्या करता याव्यात. तयार स्टाइलची फाइल मी मुद्दाम दिलेली नाही, आकडे मात्र सगळे दिले आहेत. ते आकडे ज्या मापाच्या आकृतीसाठी आहेत ते मापही प्रत्येक ठिकाणी आहे, कारण 24 पिक्सेलच्या स्क्रूचे आकडे 200 पिक्सेलच्या नॉबला लावले तर निराशाच पदरी पडेल. 8 बिटच्या फाइलीत फिकट ग्रेडियंट पट्ट्यापट्ट्यांनी फुटतो. 200 ते 220 या छटा 800 पिक्सेलवर पसरल्या तर दर 40 पिक्सेलला एक पायरी डोळ्याला दिसते. त्यावरचा उपाय, म्हणजे एखादा टक्का नॉइज, सुरुवातीलाच सांगितला आहे, म्हणजे पुढे कुठे तो पुन्हा सांगावा लागत नाही.

वाचताना संगणकाशेजारी एक स्टीलचं झाकण, एक तांब्याची किंवा पितळेची वस्तू आणि एक टेबललॅम्प असू द्या. दिवा डावीकडून वर ठेवा आणि पहिल्या अभ्यासाची फाइल उघडण्याआधी झाकणावरचे दोन पंखे कुठे आहेत ते कागदावर पेन्सिलीने काढून घ्या.